गडचिरोलीला निघालेल्या मुलीस

धरमपेठ, नागपूर

बेटा,

अनेक आशीर्वाद.

नाशिकचं प्रशिक्षण आटोपून तुझी पहिली नेमणूक गडचिरोलीत झाली, हे तुझ्या आईकडून आधीच कळलं होतं. पत्र मात्र तू नेमणुकीचं न लिहिता प्रश्नाचं लिहिलंस. दहशत बंदुकीनं मोडते की समजावण्यानं? आणि जिथे लोकशाही पोचलीच नाही, तिथे ती बळानं पोचवता येते का? वर्गात याच विषयावर तुम्ही पोरं दोन गट करून तावातावानं भांडायचात. आता तुझ्या कमरेला पिस्तूल आलंय, म्हणून तेव्हा दिलं नव्हतं ते माझं मत सरळ देतो.

बंदूक लागते. ती लागतच नाही असं सांगणारे मला नेहमी सुरक्षित शहरात राहणारे भेटले. १ फेब्रुवारी २००९ ला मर्केगावला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लाहेरीजवळ १७ गेले. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. रस्त्याखाली सुरुंग पेरून झुडपात बसलेल्या माणसाशी त्या घटकेला चर्चा होत नसते. ज्यांना ‘खबऱ्या’ ठरवून रात्री घरातून ओढून नेलं आणि सकाळी ज्यांच्या प्रेताशेजारी पत्रकं सापडली, ते बहुतेक गरीब आदिवासीच होते. त्यांचं रक्षण करणं हे सरकारचं पहिलं काम, आणि ते हात जोडून होत नाही.

पण बंदुकीनं मिळते ती उसंत. त्या उसंतीत सरकार लोकांशी कसं वागतं, यावर पुढचं सगळं ठरतं. हे नीट समजायचं तर नक्षलवादी १९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून इकडे आले, तेव्हा त्यांना थारा का मिळाला हे आधी समजून घे. ते ज्याचं नाव घेत त्या चीनच्या माओचं कोणाला काही पडलं नव्हतं. जंगलात जळणाची मोळी आणायला गेलेल्या बाईला वनखात्याचा गार्ड अडवायचा, कोंबडी मागायचा, वर दोन शिव्या द्यायचा. तेंदूपत्त्याचा हंगाम आला की सगळं घर पहाटे जंगलात, दुपारी सावलीत बसून पानं जुळवायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घ्यायच्या जागी, नेऊन द्यायचा. ठेकेदार मोजताना त्यातले पुडे खराब म्हणून बाजूला टाकायचा आणि उरलेल्यांना देईल तो भाव. दलमनं, म्हणजे नक्षलवाद्यांच्या हत्यारी तुकडीनं, ठेकेदाराला दम दिला आणि भाव वाढला. गार्ड गावात यायचा बंद झाला. लोकांना पहिला न्याय दिसला तो बंदूकवाल्याच्या हातून. त्या ठेकेदाराकडून पुढे दलमच खंडणी घेऊ लागलं, शाळा आणि रस्ते होऊ देईना, हा नंतरचा भाग. पण सुरुवात आपल्या गैरहजेरीत झाली, आणि मला त्याची आजही चीड येते.

भामरागडकडचा माझा एक विद्यार्थी इथे वसतिगृहात राहून शिकला. त्यानं सांगितलेलं एक डोक्यातून जात नाही. रात्री दलम यायचं आणि त्याच्या आईला भात रांधायला लावायचं. बंदूक घेऊन आलेल्याला नाही कोण म्हणणार? सकाळी पोलिसांची पार्टी यायची, चुलीशी मोठा गंज, म्हणजे पातेलं, बघायची आणि विचारायची, एवढा भात कोणासाठी? म्हणून ती बाई रात्रीच तो गंज राखेनं घासून, पुसून, लाकडांच्या ढिगामागे लपवून ठेवायची. तुझ्या ठाण्याच्या हद्दीत अशी बाई प्रत्येक गावात आहे. ती कोणाला खरं सांगते, यावर तुझ्या जवानांचा जीव अवलंबून आहे. आणि मारहाण करून काढलेली माहिती खरी नसते, हे तुला प्रशिक्षणात सांगितलं नसेल तर माझ्याकडून ऐक.

आकडे हवे असतील तर अमेरिकेच्या रँड संस्थेचे देतो. त्यांनी २००८ मध्ये जगभरातल्या ६४८ दहशतवादी संघटनांचा अभ्यास मांडला, १९६८ ते २००६ या काळातल्या. ज्या संघटना संपल्या त्यांतल्या ४३ टक्के राजकारणात येऊन संपल्या, ४० टक्के पोलिसांच्या आणि गुप्तवार्तेच्या कामानं. लष्करी बळानं संपल्या त्या अवघ्या ७ टक्के. यातला पोलिसांचा आकडा तुझ्या कामाचा आहे. पोलिसी काम म्हणजे शेवटी माणसं ओळखणं आणि माणसांनी आपल्याला काही सांगावं असं वागणं. आपल्याकडे १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांचं सी-६० हे नक्षलविरोधी पथक उभं राहिलं ते याच समजुतीवर. जिल्ह्यातलीच पोरं, गोंडी-माडिया बोलणारी, पायवाटा पाठ असणारी. बाहेरून आणलेल्या तुकडीकडे हत्यारं तीच असतात, पण गावच्या देवाच्या जत्रेला कोण कुठून येतं हे तिला ठाऊक नसतं.

आता लोकशाही पसरवण्याचं. मार्च २००३ मध्ये अमेरिकेनं इराकवर चढाई केली आणि तीन आठवड्यांत बगदाद पडलं. १ मे रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी युद्धनौकेवर उभं राहून मुख्य लढाई संपल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात अमेरिकी प्रशासकानं दोन आदेश काढले. पहिल्यानं सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, दुसऱ्यानं इराकचं अख्खं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं एका कागदानं बेकार झाली. घरी बायकापोरं, हातात काम नाही, मनात अपमान, आणि हत्यार चालवायचं शिक्षण पक्कं. त्यातलेच काही अधिकारी पुढे इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेत दिसले, आणि जून २०१४ मध्ये मोसुलसारखं मोठं शहर त्या संघटनेच्या हाती गेलं. निवडणुका तर २००५ पासून होत होत्या. मतपेट्या बाहेरून नेता येतात. हरलेल्यानं घरी जायचं आणि जिंकलेल्यानं हरलेल्याला जगू द्यायचं, हा समज बाहेरून नेता येत नाही. अफगाणिस्तानात वीस वर्षं फौज ठेवली, तरी १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले तेव्हा राजधानीसाठी लढायला कोणी उभं राहिलं नाही.

तू म्हणशील, जपान आणि जर्मनी? वर्गातही तू हेच काढायचीस. बरोबर आहे, दोन्ही देश युद्धात चिरडले गेले आणि नंतर लोकशाही झाले. पण जपानमध्ये १८९० पासून संसद होती, १९२५ मध्ये सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता. जर्मनीनं हिटलरच्या आधी वायमारचं लोकशाही प्रजासत्ताक पाहिलं होतं. लष्करशाहीनं जे दडपलं होतं ते वर आलं. आणि १९४५ नंतर तिथे झालेलं खरं काम बंदुकीचं नव्हतंच. जपानमध्ये कुळांना जमिनी मिळाल्या, बायकांना मत मिळालं, कामगारांना संघटना करता आल्या. पराभवानं जागा रिकामी झाली एवढंच युद्धाचं श्रेय मी देईन.

मला यापेक्षा मिझोरम जवळचं वाटतं, आणि आपल्या पोरांना ते कोणी शिकवत नाही याचं वाईट वाटतं. १९६६ मध्ये लालडेंगांच्या मिझो नॅशनल फ्रंटनं बंड केलं. ५ मार्चला आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर बॉम्ब टाकले. गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला पहाऱ्यात वसवली. बंड दबलं, पण वीस वर्षं विझलं नाही. ३० जून १९८६ ला करार झाला, लालडेंगा मुख्यमंत्री झाले, १९८७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. १९८९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला, आणि विरोधी बाकांवर बसला. जंगलात कोणी परत गेलं नाही. माझ्या दृष्टीनं बंड संपलं ते त्या हरण्याच्या दिवशी. फौजेनं वीस वर्षं दाबून धरलं नसतं तर करारापर्यंत वेळ आली असती का, हा प्रश्न तू विचारशील आणि तो योग्य आहे. कदाचित नसती आली. पण त्या बॉम्बची आठवण मिझो घरांतून अजून गेलेली नाही, आणि ती किंमत कोणत्याही हिशेबात धरली पाहिजे.

हेच तुझ्या जिल्ह्यात ताजं घडलंय. २०२५ च्या पहिल्याच दिवशी नक्षलवाद्यांची नेता तारक्का शरण आली आणि ऑक्टोबरात तिचा नवरा भूपती, माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोतला, म्हणजे अगदी वरच्या नेतृत्वातला माणूस, साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर हत्यारं ठेवून गेला. चाळीस वर्षं जंगलात काढलेला माणूस. सी-६० नं जंगलात त्याची कोंडी केली नसती तर तो आला नसता. पण बाहेर पडल्यावर जिवंत राहू, खोट्या चकमकीत मारले जाणार नाही, हा विश्वास नसता तरीही तो आला नसता. तो विश्वास आधी शरण आलेल्या साध्या पोरापोरींना सरकारनं कसं वागवलं, यातून गोळा झाला. तू ठाण्यात एका शरण आलेल्या मुलीला अपमानानं बोललीस, तर ते आत जंगलात पोचतं.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांना सोबत घेऊन धर्म बदलला. कोणावर काठी उगारली नाही. त्यानंतर महिनाभरानं, २० नोव्हेंबरला, ते काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयी बोलले. गरिबीचं, शोषणाचं दुःख दोघांनीही ओळखलं असं ते मानत, फरक मार्गाचा. एकाचा माणसाचं मन वळवायचा, दुसऱ्याच्या अनुयायांचा बळाचा. बळ काढून घेतल्यावर ती व्यवस्था उभी राहील का, हा त्यांचा सवाल होता. नक्षलवाद्यांना विचारायचा सवाल हाच आहे. पण बेटा, तो आपल्या सरकारलाही लागू होतो. सगळी पोलीस मदत केंद्रं उद्या उठवली तर त्या गावांत सरकारचं काय उरेल?

समजावणं म्हणजे आपण बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं, असं मात्र धरून चालू नकोस. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचे लोक आपल्या याच शहरात विधानभवनावर मोर्चा घेऊन आले होते. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. बायका, लेकरं सोबत. लाठी उगारली गेली, पळापळ झाली आणि ११४ जण चेंगरून मेले. ते लोक सरकारला समजवायलाच आले होते. सीताबर्डीवरून जाताना त्यांच्या स्मारकापाशी थांबून जा, वर्दीत असलीस तरी.

उलट बाजू बघायची तर तुझ्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. तिथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांचं पटेपर्यंत ग्रामसभा बसते. एक माणूस नाही म्हणाला तर पुन्हा बसते. त्या गावानं वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. मग बांबू विकायला काढला, तर वनखातं वाहतुकीचा पास देईना. गाव अडून राहिलं, कागद लिहीत राहिलं, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन वाहतुकीच्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. चहूकडे दोन्ही बाजूंच्या बंदुका असताना या माणसांनी कायद्याचं पुस्तक वाचून, गोल बसून, वाद घालून आपलं राज्य आणलं. लोकशाही कशी पसरते असं कोणी मला विचारलं तर मी बगदादचं नाव न घेता मेंढ्याला घेऊन जाईन.

आता तुझ्यापुरतं. माडिया शीक, मोडकीतोडकी चालेल. ठाण्यातल्या दादालोरा खिडकीवर, म्हणजे लोकांना दाखले-योजना मिळवून देणाऱ्या मदत खिडकीवर, जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याला उद्या ये म्हणू नकोस; तो वीस किलोमीटर चालत आलेला असतो. चकमकीनंतरचा पंचनामा खरा लिही, वरून काही दडपण आलं तरी खरा लिही. गोळी चालवायची वेळ आली तर कचरू नकोस. आठवडी बाजारात साध्या कपड्यांत जा, मोहाचा आणि हिरड्याचा काय भाव चाललाय ते बघ, कोण कोणाला लुबाडतंय ते बघ. आणि पहिल्या महिन्यात उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून तुझ्या हद्दीतल्या किती गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे पडून आहेत, त्याची यादी काढून मला पाठव. कायद्याचे नियम मी पुन्हा वाचायला घेतलेत. अर्ज कुठे अडलेत ते आपण दोघं मिळून बघू.

तुझे सर