शब्दशंका : आपली देवळाली आणि इंग्रजांचं ‘डूलॅली’

प्रश्न : इंग्लंडमधल्या बोलीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या देवळालीवरून आला, असं भाचा सांगतो. हे खरं की व्हॉट्सॲपवरची आवई? देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा अर्थ चिकटला, असंही वाचलं. – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : भाचा बरोबर आहे. इस्पितळाची कथा मात्र सावधपणे घ्यावी, कारण शब्दाचा उगम आजाऱ्यांपेक्षा रिकामटेकड्यांकडे बोट दाखवतो.

देवळाली म्हणजे इथे नाशिकजवळचा देवळाली कॅम्प. देवळालीगाव नव्हे आणि राहुरीकडची देवळाली प्रवरा तर नव्हेच. ब्रिटिशांची ही छावणी 1861 ची. थळ घाटातून, म्हणजे आजच्या कसारा घाटातून, 1865 मध्ये रेल्वे वर आली आणि मुंबई बंदर हाताशी आलं. मग हिंदुस्थानातली मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी धाडण्याआधी इथे आणून ठेवू लागले. घोळ व्हायचा तो जहाजांच्या वेळापत्रकामुळे. सैन्य नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, तो सात महिने छावणीतच अडकून पडायचा. हत्यारं काढून घेतलेली, कवायत नावापुरती, घरी जायची तारीख ठरलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने 1936 साली छापलेल्या आठवणींत याच कंटाळ्याकडे बोट दाखवलं आहे. वर्षानुवर्षं नेकीने चाकरी केलेले शिपाई इथे येऊन गुन्हे करत आणि घरी जाण्याऐवजी कैदेत जात. कुणी विचित्र वागू लागला की बाकीचे म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय.

म्हणजे मूळ शब्दाला जोडीदार होता. हिंदुस्तानीत ‘तप’ म्हणजे ज्वर. तो फारसीतला शब्द आणि आपला ‘ताप’ एकाच कुळातले. ‘देवळालीचा ताप’ असा सरळ अर्थ. इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे टकटक किंवा नळ, त्यामुळे मागाहून कुणी ‘डोक्यावर टपली बसलेला’ असाही अर्थ लावतं, तो चुकीचा. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि नुसतं ‘डूलॅली’ उरलं. मराठी ‘डुलणे’शी त्याचं काही नातं नाही, आवाज तेवढा जुळतो.

उच्चार इतका का बिघडला? ‘ळ’ ना इंग्रजांकडे, ना त्यांना हिंदुस्तानी शिकवणाऱ्या मुन्शींच्या उर्दूत. म्हणून ‘ल’ झाला. इंग्रजांचा ‘द’ आपल्या कानाला ‘ड’ लागतो. जोर ‘लॅ’वर पडल्याने आधीचं ‘देव’ आखडून ‘डू’ एवढंच राहिलं.

वापरताना एक लक्षात ठेवा : हा शब्द बहुधा क्रियापदानंतर येतो, ‘ही हॅज गॉन डूलॅली’ असा. नामाच्या आधी विशेषण म्हणून लावला तर इंग्रजाच्या कानाला खटकतो. त्यात थट्टा आहे. खऱ्या मनोरुग्णाबद्दल किंवा कार्यालयीन पत्रात वापरला तर अंगाशी येईल. अमेरिकेत तो फारसा कुणाला कळणारही नाही.

प्रश्न : मग इंग्रज शिपाई मायदेशाला, म्हणजे इंग्लंडला, ‘ब्लायटी’ म्हणत, तो शब्दसुद्धा आपल्याकडचाच का? – आणखी एक वाचक, पंचवटी

उत्तर : हो, ‘विलायती’चं ‘बिलायती’ आणि त्याचं ‘ब्लायटी’. मूळ अरबी ‘विलायत’, म्हणजे प्रांत किंवा अंमल. गंमत अशी, की आपल्याकडे विलायती म्हणजे परदेशी (आठवा विलायती चिंच), तर गोऱ्या शिपायाने तोच शब्द उलट फिरवून स्वतःच्या घराला लावला. पहिल्या महायुद्धात तर ‘ब्लायटी’ म्हणजे जखमसुद्धा : जीव जाणार नाही, पण इंग्लंडला परत पाठवतील एवढीच. खंदकातले शिपाई तिची वाट पाहत, आणि मुद्दाम करून घेतलेली निघाली तर कोर्टमार्शल ठरलेलं.