नव्या आशाताईला, खानापूरकडच्या गावांसाठी

ताई, कुष्ठरोग झालेल्यांच्या घरी पहिल्याच भेटीत अंगणात उभी राहून चट्ट्याबद्दल विचारू नकोस. आत जा, बस, त्यांच्या घरचा चहा घे. तुझं ते चहा पिणं शेजारीपाजारी बघतात, आणि त्या घराला त्याचा फार मोठा आधार होतो. ‘महारोगी’ हा शब्द तर तोंडातून कधीच जाऊ देऊ नकोस. त्यांना नाव आहे, नावानंच हाक मार.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे 6 किंवा 12 महिने. लघवी तांबडी होते, कातडी काळवंडते, हे आधीच सांग. मी एकदा सांगायला विसरले आणि त्या बाईंनी घाबरून गोळ्यांचं पाकीटच बंद केलं. अजून मनाला लागतं ते. डोस सुरू झाला की रोग पसरणं लवकरच थांबतं, हे सासूलाही समजावून सांग.

खरा घात बधिरपणा करतो. ऊसतोडीत पायात काटा रुतला तरी कळत नाही, चुलीवरचं भांडं हात भाजतं तरी कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी तळपाय बघायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं. मऊ तळाची एमसीआर चप्पल मागून घे. नस दुखायला लागली किंवा हाताची पकड सुटायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

आणि नवरा सोडून देतो म्हणाला, तर ठणकावून सांग: 2019 पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलेलं नाही.