स्कँडल म्हणजे बोभाटा नव्हे

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या फिरगजेच्या (एका चर्चखालच्या वस्तीच्या) युवा गटाचं मे महिन्यात शिबिर असतं. फुटबॉल, गाणी, चित्रकला. मराठी शाळेतली हिंदू मुलंही येतात, म्हणून मुलांच्या सुरक्षिततेची नियमावली कोंकणीबरोबर मराठीतही करायची आहे. त्यात 'ग्रूमिंग' असा शब्द आहे, त्याला मराठीत काय म्हणावं? आणि शेवटच्या 'स्कँडल टाळण्यासाठी' या वाक्याचं मी 'बदनामी टाळण्यासाठी' असं केलं आहे. बरोबर आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ही चूक मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. बरोबर नाही, ताई. ते वाक्य खोडा. का, ते पुढे सांगतो.

ग्रूमिंग. इंग्रजीत ग्रूम म्हणजे मुळात पोऱ्या, मग तबेल्यातला नोकर, घोड्याला खरारा करणारा मोतद्दार. जनावर हाताला सवकवायचं, अंगाला हात लावला तरी बुजणार नाही असं करायचं. मुलांच्या बाबतीत हा शब्द आला तो या अर्थाने: लैंगिक शोषण करण्यासाठी आधी मुलाचा विश्वास कमवायचा. तेव्हा 'जोपासना' आणि 'संगोपन' हे प्रतिशब्द ताबडतोब बाद. एका पत्रकात मी "मुलांचे संगोपन करणाऱ्या व्यक्तींपासून सावध राहा" असं छापलेलं वाचलं आहे. आईबापांपासून सावध राहायला सांगणारं पत्रक!

'फूस लावणे' पुष्कळांना सुचतं, मला ते चालत नाही. वर्तमानपत्रांनी "फूस लावून पळवले" हे एवढं छापलं आहे की फूस म्हटलं की डोळ्यांसमोर मुलगीच येते आणि तीही आपल्या पायांनी गेलेली. मुलगे या शब्दातून गळतात. शिवाय कुणाला आपण बळी पडलेलं लेकरू म्हणतो आहोत आणि कुणाला नादावलेलं, ते धूसर होतं. 'लळा लावणे' तर मुळीच नको. लळा, लालन, लाड ही माया करणाऱ्या माणसांची भाषा आहे. तिची कुणी नक्कल करतो म्हणून शब्द त्याच्या स्वाधीन करायचा नाही.

उरतो तो 'आमिष', आणि इथे मला थांबायचं आहे. आमिष म्हणजे लालूच हा अर्थ सगळ्यांना ठाऊक. पण खानावळीच्या पाटीवर 'सामिष भोजन' लिहितात, त्यातला आमिष हाच. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, तेही कच्चं. आमांशातल्या, आमवातातल्या 'आम' शब्दाशी त्याचं नातं आहे असं माझं ठाम मत आहे. गळाला लावलेला मांसाचा तुकडा तो आमिष. लालूच हा अर्थ नंतरचा. म्हणजे या शब्दाच्या पोटात गळ आधीपासून आहे. "चॉकलेटचे आमिष दाखवून" असं बातमीत येतं तेव्हा वाचणाऱ्याला चॉकलेट दिसतं, गळ दिसत नाही.

माझे मामा चोडणला खाजनाच्या मानसीवर (खाडीकाठच्या शेतीच्या पाणदारावर) गरी, म्हणजे गळ, घेऊन बसायचे. मी आठेक वर्षांचा असेन. मला वाटायचं, गरीला सुंगट (कोळंबी) लावलं की मासा लागतो. मामा पहिले तीन-चार दिवस गरी नेतच नसत. रोज संध्याकाळी त्याच जागी, त्याच वेळेला भाताचे गोळे पाण्यात सोडायचे आणि घरी यायचं. पाचव्या दिवशी मासे आमच्या आधी येऊन थांबलेले असत. मग त्यांतल्या एका गोळ्यात गरी. ग्रूमिंग हे आहे. एकट्याच मुलाला भेटवस्तू, त्यालाच स्कूटरवरून घरी सोडणं, त्यालाच रात्री व्हॉट्सअॅपवर निरोप, "आईला सांगू नको हं" असं छोटंसं गुपित. हे बिनगरीचे गोळे आहेत. म्हणून माझा शब्द 'गळाला लावणे'. नाम करू नका, क्रियापदच ठेवा, म्हणजे वाक्याला कर्ता द्यावाच लागतो.

आता स्कँडल. बहुतेक इंग्रजी-मराठी कोश या शब्दापुढे लोकापवाद, बेअब्रू, कुप्रसिद्ध प्रकरण असं लिहून मोकळे होतात. त्यामुळे "प्रकरण बाहेर आलं तर स्कँडल होईल" हे वाक्य आपल्याकडे शहाणपण म्हणून चालतं. चर्चच्याच पुस्तकाने ते खोटं ठरवलं आहे. मूळ ग्रीक शब्द 'स्कांदालोन'. त्याचा जुना अर्थ सापळ्याची आकडी. उंदराच्या सापळ्यात आपण खोबऱ्याचा तुकडा अडकवतो ना, ती आकडी. तिला धक्का लागला की झडप पडते. जुना ग्रीक नाटककार अॅरिस्टोफेनिस याने याच शब्दाचं दुसरं रूप शब्दांच्या सापळ्यांसाठी वापरलं आहे. गळाचा आमिष आणि सापळ्याची आकडी, संस्कृत आणि ग्रीक, एकाच जागी येऊन भेटतात. ही आकडी उसळते म्हणून तिचा धातू तोच, जो संस्कृतात 'स्कन्द्' म्हणजे उसळणे, उडी घेणे. कार्तिकेय तो स्कंद. लॅटिनमध्ये 'स्कान्देरे' म्हणजे चढणे. दवाखान्यातला स्कॅनही तिथूनच आला. ही जुळणी सगळ्यांना मान्य नाही. मला ती पूर्ण पटते.

आणि मत्तयाच्या 18व्या अध्यायात, येशू एका मुलाला मध्ये उभं करून बोलतो तिथे, या शब्दापासूनचं क्रियापद आहे. या लहानांपैकी एकाला जो अशा प्रकारे पाडील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, असा त्याचा आशय. (जातं म्हणजे घरातलं हाताने फिरवायचं दांतें नव्हे. ग्रीकमध्ये गाढवाने फिरवायचं जातं आहे, एवढा मोठा धोंडा.) मराठी बायबलात इथे 'अडखळविणे' आहे, आणि त्या विद्वानांशी माझं भांडण आहे. दगडाला ठेच लागून माणूस अडखळतो, दगड कुणी मुद्दाम ठेवलेला असतोच असं नाही. सापळा मात्र कुणीतरी लावावा लागतो. यावर मला सांगतात की हिब्रू ग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात हा शब्द अडखळण्याच्या दगडासाठीही आला आहे. आला आहेच, पण त्याच भाषांतरात तो फासासाठीही आला आहे. दोन अर्थ समोर असताना, मुलांबद्दल बोलताना, सौम्य अर्थ का निवडायचा? मी तिथे 'सापळ्यात पाडणे' केलं असतं.

तेव्हा स्कँडल म्हणजे मुलाला जे केलं ते. ते उघड होणं हे स्कँडल नव्हे. मडगावात मुलांसाठी घर चालवणारा फ्रेडी पीट्स मुलांच्या लैंगिक शोषणासाठी 1991 साली पकडला गेला आणि 1996 साली त्याला जन्मठेप झाली. पकडला जाईपर्यंत लोक त्याला परोपकारी समजत होते. गोवा हादरला तो 1991 साली, सापळा लागला होता त्याच्या कितीतरी आधी. गोव्याने मुलांसाठी स्वतःचा कायदा 2003 साली केला, लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा देशाचा कायदा, पॉक्सो, येण्याच्या नऊ वर्षं आधी.

तो 2012चा पॉक्सो कायदा तुमच्या नियमावलीत नावाने हवा, ताई. ग्रूमिंग हा शब्द त्यात नाही. पण लैंगिक हेतूने मुलाचा सतत पाठलाग करणं, त्याच्याशी फोनवरून किंवा इतर मार्गाने वारंवार संपर्क साधणं हे कलम 11 मध्ये आहे. मूल म्हणजे 18 वर्षांखालचं कुणीही, मुलगा असो वा मुलगी. कलम 19 सांगतं की गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवायचंच. घडलेला गुन्हा न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. रोमने 2019 साली पाद्री आणि धर्मभगिनींवर धर्मप्रांताला कळवण्याचं बंधन घातलं, ते याच्या जोडीला आहे, याच्या ऐवजी नाही. पाद्र विगाराला (फिरगजेच्या मुख्य पाद्रीला) सांगितलं म्हणजे पोलिसांना सांगितलं असं होत नाही. बोभाट्याची काळजी करायचीच असेल तर मुलाच्या नावाची करा. ते प्रसिद्ध होऊ नये यासाठी कलम 23 आहे.

'बदनामी टाळण्यासाठी' वाचून शिबिरातला 19 वर्षांचा स्वयंसेवक काय शिकेल? गप्प बसायला. त्या जागी असं घाला: "कोणी मुलाला गळाला लावत आहे अशी शंका आली तरी पुराव्याची वाट न पाहता त्याच दिवशी पोलिसांना कळवावे; 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवरही कळवता येते." त्याच्या वर रोजचे नियम साध्या मराठीत: मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं, खोलीचं दार उघडं, एकट्या मुलाला गाडीवरून न्यायचं नाही, खाजगी निरोप नाहीत, सहलीला पालकांची लेखी संमती. यांना प्रतिशब्द लागत नाहीत.

आणि कोंकणी प्रत एकदा नजरेखालून घाला. पोर्तुगीज 'एस्कांदालो' तिथे बदनामीच्या अर्थाने आला असेल, तर त्या प्रतीतलंही ते वाक्य बदलून घ्या.