आयुष्यभर जंगलात झाडे तोडणाऱ्या माणसाचे घराकडे कितपत लक्ष असते?

ज्याची उभी हयात जंगलात झाडे तोडण्यात गेली अशा माणसाचे आयुष्य कसे असते आणि तो घरच्यांना वेळ तरी देऊ शकतो का, असे आपण विचारले आहे. माझे वडील गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीच्या परिसरात सुमारे ३५ वर्षे कूपकटाईच्या कामावर होते; कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. त्यांच्याबाबतीत जे घरात पाहिले तेवढेच सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. नदीत कुऱ्हाड पडलेल्या त्या गोष्टीमुळे लाकूडतोड्या म्हणजे मनाला येईल ते झाड तोडणारा माणूस, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामांच्या आराखड्यात, कोणता कूप कोणत्या वर्षी तोडायचा हे ठरलेले असते, आणि त्यातल्या तोडायच्या झाडांवर आधीच हातोड्याचा ठसा मारलेला असतो. एक ठसा बुंध्याशी अगदी खाली असतो, म्हणजे झाड गेल्यावरही तो खुंटावर राहतो आणि तपासणीत सापडतो. सागाचा खुंट जमिनीपासून वीतभराहून उंच ठेवायचा नाही आणि त्यावर पाणी साचू नये म्हणून त्याला उतार द्यायचा, कारण त्याच खुंटाला पुढे फुटवे येतात. बाबा संध्याकाळी डेऱ्यावर, म्हणजे जंगलातल्या मुक्कामावर, परतण्यापूर्वी आपले खुंट पुन्हा एकदा पाहून येत, असे त्यांचे सोबती सांगत.

पावसाळा सरला की ते निघत आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत डेऱ्यावरच राहत. बाजाराच्या दिवशी तेवढे घरी येत. मार्चमध्ये आई मोहफुले वेचायला जाई, मे महिन्यात सगळे घर तेंदूपत्त्याला लागे, आणि पाऊस पडला की बाबा धानाच्या रोवणीसाठी आमच्यात असत. म्हणजे वर्षाचे जेमतेम चार-पाच महिने ते आम्हाला लाभत. मात्र त्या महिन्यांत त्यांनी आमच्याकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या पुष्कळ वडिलांनी दिलेले मी पाहिलेले नाही.

गणित मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि तेही लाकडावर. ते चौथीपर्यंतच शिकले होते, पण लाकडाचे माप तोंडी काढत. ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने गुणायचे. गोलाई १२० सेंटीमीटर असेल तर चौथा हिस्सा ३० सेंटीमीटर. पाच मीटर लांबीला ०.४५ घनमीटर. अंगणातल्या जळाऊ लाकडावर आम्ही भावंडे हीच मापे काढत असू आणि चुकलो तर पुन्हा टेप धरावी लागे. शाळेत संख्येचा वर्ग काढायला शिकवला तेव्हा मला तो नवा वाटला नाही.

कामातला धोका ते घरी फारसा बोलून दाखवत नसत. झाडाला हात लावण्यापूर्वी ते त्याचा कल पाहत, पडण्याच्या बाजूला खाच घेत आणि मग मागून, थोडी वरच्या अंगाने, करवत लावत. परंतु या सगळ्याच्या आधी मागे सरकण्याची वाट झुडपे छाटून मोकळी केलेली असे. “पयले आपली वाट साफ कर, मंग झाडाले हात लाव,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले असेन. एवढे करूनही एका वर्षी शेजारच्या झाडात अडकलेला साग अचानक सुटला आणि फांदीच्या माराने त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. मजुरी रोजावर असल्याने ते तीन महिने घर आईच्या मोहफुलांवर आणि मामांनी दिलेल्या धानावर चालले. भरपाईचे कागद किती दारांतून फिरले ते सांगत बसत नाही. पदरात काही पडले नाही. त्यानंतर त्यांनी माझ्या धाकट्या भावाला कूपाच्या कामावर कधीही सोबत नेले नाही.

लोक विचारतात की इतका साग तोडणाऱ्याच्या घरी सागवानाचे दार तरी असेल ना? नव्हते. आमच्या घराला बांबूच्या तट्ट्याचे दार होते. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान रवाना झाले, तेव्हा दूरदर्शनसमोर बसून बाबा मिरवणूक पाहत नव्हते. ते ओंडक्यांची गोलाई अंदाजत होते.

मागील वर्षी त्यांना ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ पाहायला नेले. हा राखून ठेवलेला जुना वनखंड २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. येथे कुऱ्हाड चालत नाही. एका प्रचंड सागाला त्यांनी कव घातली, शेंड्याकडे पाहत हळूहळू एक फेरी मारली आणि माझ्या मुलाचा दंड धरून त्याला दुसऱ्या बाजूला उभे केले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “याचा कल तिकडं आहे.”