वहिनीला को-होस्ट करताना

चि. बेटा,

तुझा मेसेज वाचला. खारघरचा फ्लॅट एअरबीएनबी ॲपवरून थोड्या दिवसांच्या भाड्याने द्यायचा, तू नोकरीला पुण्यात, आणि दोन सोसायट्या सोडून राहणारी वहिनी को-होस्ट, म्हणजे तुझ्या वतीने पाहुण्यांचं बघणारी. जोडी चांगली आहे. खटकलं ते तुझं एकच वाक्य, 'घरचंच आहे काकू, हिशेबाचं बघू नंतर.' परक्याशी आपण सगळं बोलून घेतो आणि घरच्यांच्या बाबतीत गृहीत धरतो. मी पाहिलेली बहुतेक भांडणं 'मला न विचारता कसं ठरवलंस?' इथून सुरू झाली, पैसे मागाहून त्यात आले. म्हणून टक्केवारीच्या आधी हे ठरव, की कुठली गोष्ट वहिनी तुला फोन न करता ठरवू शकते आणि कुठली नाही.

तुझ्याकडे येणार कोण, ते आधी बघ. सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, तिथे उपचारांना येणारी कुटुंबं तुझा मोठा आधार असतील. रेडिएशन कित्येक आठवडे चालतं. केमोची तारीख ठरलेली असली तरी रक्तातल्या पेशी कमी आल्या की डॉक्टर पुढे ढकलतात. मग रात्री नऊला वहिनीच्या दारात कोणीतरी उभं राहणार, 'ताई, अजून चार दिवस राहू द्या.' आणि नेमकं त्याच शनिवारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर काहीतरी असलं की तू दर चढवून बसलेली असणार. २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेच्या वेळी आसपासच्या खोल्यांचे भाव कुठे गेले होते ते आठव. अशा वेळी वहिनी 'हो' म्हणाली तर तुझं नुकसान, 'नाही' म्हणाली तर समोर आजारी माणूस. हे ओझं तिच्या एकटीवर टाकू नकोस. माझ्या मते उपचारांसाठी आलेल्यांच्या बुकिंगनंतर तीन-चार दिवस कॅलेंडर बंद ठेवावं, आणि तेवढी मुदत त्याच दराने वाढवून द्यायचा अधिकार वहिनीला सरळ देऊन टाकावा. थोडा धंदा बुडेल, बुडू दे. फक्त वाढवलेले दिवस ॲपवरूनच घ्यायचे. हातात रोख ठेवून 'ॲपचं कमिशन वाचेल' म्हणणारे भेटतात, पण तसे पैसे घेतले की ते दिवस ॲपच्या संरक्षणात येत नाहीत आणि नियमही मोडतो.

आता वाटणी. वहिनीला भाड्याचे सरसकट वीस टक्के म्हणालीस, ते मला पटत नाही. दोन आठवडे राहणाऱ्या कुटुंबात वहिनीला एकदा किल्ली द्यायची, एकदा चादरी बदलायच्या. नवी मुंबई विमानतळावरून २०२५च्या डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झालीत, तेव्हा पहाटेच्या फ्लाइटसाठी एका रात्रीपुरते येणारेही वाढतील. त्यांच्यासाठी राबणं तेवढंच, टक्के मात्र चिमूटभर. त्यापेक्षा दर वेळी पाहुणे बदलले की ठरावीक रक्कम, आणि वर थोडी टक्केवारी. बाईंचे पैसे, लाँड्री आणि टँकर ही वेगळी खाती. उन्हाळ्यात खारघरच्या पाण्याची तुला कल्पना आहेच. वहिनीने पदरचे दिलेले पैसे त्याच आठवड्यात जीपेवर परत गेले पाहिजेत. ती मागणार नाही, हीच तर अडचण आहे.

एअरबीएनबीवर तिला तुझा पासवर्ड देऊ नकोस, को-होस्ट म्हणून रीतसर जोड. पूर्ण अधिकार, कॅलेंडर आणि मेसेज, किंवा नुसतं कॅलेंडर, असे तीन स्तर मिळतात. मधला पुरे. दर आणि रिफंड तुझ्याकडे ठेव. पाहुण्यांना उत्तर एकीनेच द्यायचं. दिवसा ती, रात्री दहानंतर तू, असं वाटून घ्या. नाहीतर रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असतो, पाहुणा उशिरा येणार म्हणून कळवतो, तुम्ही दोघी दोन वेगळ्या वेळा सांगता आणि रिव्ह्यूत तारे तुझे जातात.

नुकसानीचं एक ध्यानात ठेव. पाहुणे गेल्यापासून १४ दिवसांत एअरबीएनबीकडे दावा करावा लागतो आणि त्याला पुरावा लागतो. म्हणून बाई झाडू हातात घेण्याआधी वहिनीने खोलीचे, गादीचे, बाथरूमचे फोटो काढायचे. एकदा पुसून काढलं की काय दाखवणार?

परदेशी पाहुणा असेल तर, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात, ती त्याच्या मुक्कामाची माहिती तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. हे काम नावानिशी एकीकडे द्या. 'मला वाटलं तू भरलास' हे उत्तर पोलिसांना चालत नाही. आणि पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, त्या ग्रुपवर तुझी आत्याही आहे.

सोसायटीचं तू ओझरतं लिहिलंस. कमिटीशी तोंडी बोलणं झालंय म्हणजे काहीच झालेलं नाही, लेखी घे. सेक्रेटरी बदलला की तोंडी परवानगी त्याच्याबरोबर जाते. कमिटीने 'नको' म्हटलं तर हा विषय तिथेच थांबव आणि वर्षाच्या करारावर भाडेकरू बघ. वहिनीला त्याच रस्त्यावर रोज भाजी आणायची आहे, चोरून केलेल्या गोष्टीची बोलणी तिने का खायची?

हे सगळं एका पानावर लिहा, दादाला मध्ये न घेता. तो तुझा भाऊ आणि तिचा नवरा, कोणाची बाजू घेतली तरी त्याचं जेवण बिघडणार. तीन महिन्यांनी ते पान पुन्हा काढून आकडे बदला.

आणि गेटच्या ॲपवर फ्लॅटसमोर अजून फक्त तुझाच नंबर असेल. तू मीटिंगमध्ये असताना वॉचमन पाहुण्यांना बॅगांसकट उन्हात उभं ठेवेल. वहिनीचा नंबर आजच घाल.

तुझी,
काकू