वीर्य बाहेर सोडलं तर दिवस जाऊच शकत नाहीत, हे खरं का?

जाऊ शकतात. तू लिहिलंयस की वय २४, लग्न झालेलं नाही, पर्वरीला भाड्याच्या खोलीत राहतेस, शेवटच्या संबंधाला तीन आठवडे होऊन गेले, पाळी लांबलीय, आणि तुझा मित्र म्हणतो, ‘मी वेळेत बाहेर काढलं होतं, माझ्यामुळे होणं शक्यच नाही.’ बाकीचं वाचून मी पुढे गेले असते. या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

आधी तुझं काम. आज किट आण, उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट कर. तीन आठवडे उलटलेत, त्यामुळे निकालावर भरवसा ठेवता येईल. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा कर. शेजारच्या फार्मसीत जायला लाज वाटत असेल तर म्हापशाला जा, तिथे कोणी नाव विचारत बसत नाही. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या गोळीची वेळ कधीच गेली, ती आता घेऊ नकोस.

आता ‘माझ्यामुळे शक्यच नाही’ याबद्दल.

माझी धाकटी बहीण सत्तरी तालुक्यात दिलेली. दोन मुलं झाल्यावर नर्सने तांबी (कॉपर-टी) बसवून घ्यायला सांगितलं होतं. सासूने ‘ती वर चढून काळजात जाते’ म्हणून घाबरवलं आणि नवरा म्हणाला, कशाला हवंय ते, मी सांभाळतो ना. सांभाळतो म्हणजे तुझा मित्र करतो तेच. काही वर्षं काही झालं नाही आणि घरात त्याचा सांभाळणारा म्हणून लौकिक झाला.

मग एका चवथीला, माटोळी बांधून झाली होती, स्वयंपाकघरात पातोळ्या उकडत होत्या, आणि हळदीच्या पानांच्या वासाने बहिणीला मळमळायला लागलं. तो वास तिचा सगळ्यात आवडता. जावेने बघितलं आणि ओळखलं. रात्री नवऱ्याच्या कानावर गेलं. तो काहीच बोलला नाही. विसर्जन झालं, पाहुणे गेले, तरी बोलला नाही. तेव्हा खाणी जोरात चालू होत्या, तो खनिजाचा ट्रक चालवायचा, उशिरा घरी यायचा. त्याने जावेला विचारलं, ‘मी कामावर असताना घरी कोण येतं?’

हे बहिणीने मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडतही नव्हती. मी दुसऱ्या दिवशी वाळपईची बस पकडली.

सोप्यावर त्याचे वडील, थोरला भाऊ, तो, सगळे बसलेले. मी सरळ विचारलं, तुम्हाला काय म्हणायचंय? तर म्हणाला, ‘ताई, मी एकदाही चुकलेलो नाही. मग हे कुठून आलं?’ त्याच्या वडिलांनी मान हलवली. मी म्हटलं, हाच प्रश्न डॉक्टरणीला विचारा, मी आणि हीसुद्धा येतो. तो यायला तयार नव्हता, पण वडिलांसमोर नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीने आवाज न चढवता सगळं सांगितलं. वीर्य बाहेर पडण्याआधी पुरुषाला जे पाणी सुटतं, ते कधी सुटलं ते त्याला कळतही नाही, आणि काही पुरुषांच्या त्या पाण्यातही जिवंत शुक्राणू सापडतात. योनीच्या तोंडाशी थोडं सांडलं तरी धोका राहतोच. बाईच्या शरीरात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून ‘आज तर सुरक्षित दिवस होता’ हाही हिशोब कच्चा. ज्यांची सगळी भिस्त बाहेर सोडण्यावर असते, अशा १०० जोडप्यांपैकी २० च्या आसपास बायकांना वर्षभरात दिवस जातात. दर वेळी अगदी बिनचूक केलं तरी चार. तो म्हणाला, ‘मी त्या चारांतला नाही.’ डॉक्टरीण म्हणाली, ‘त्या चौघांच्या नवऱ्यांनाही असंच वाटत असतं.’

परत येताना बसमध्ये तो पुढे बसला, आम्ही दोघी मागे.

बहिणीला मूल ठेवायचं होतं, पण ते ठरायच्या आधी ती एका खाजगी दवाखान्यात चौकशीला गेली होती. तिथे सांगितलं, नवऱ्याची सही आणा. हे खोटं आहे, हे तूही लक्षात ठेव. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते. ना नवऱ्याची, ना बापाची. आणि गर्भनिरोधनाचा उपाय फसून दिवस गेले, हे कारण त्या कायद्यात पहिल्यापासून लिहिलेलं आहे. मी नंतर हे त्याला ऐकवलं: उपाय फसतो हे सरकारला १९७१ साली माहीत होतं, तुम्हाला बायकोवर संशय घ्यायच्या आधी विचारावंसं वाटलं नाही. आधी त्या कलमात विवाहितेचाच उल्लेख होता. २०२१ च्या दुरुस्तीत नवऱ्याच्या जागी जोडीदार आला, म्हणजे तूही त्यात आलीस. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि तुझं नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. गोळ्यांनी करायचं झालं तर नऊ आठवड्यांपर्यंत, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली. फार्मसीतून परस्पर आणून घेऊ नकोस.

भाची आता अकरावीत आहे. घरी कोणीही आलं की म्हणतं, ‘अगदी बापावर गेलीय.’ माझी बहीण हसते. मला ते वाक्य आजही सहन होत नाही. पोरीचं नाक बापासारखं नसतं तर काय केलं असतं? डॉक्टरणीने सांगितलेलं पुरलं नाही, बायकोचा शब्द पुरला नाही, नाक पुरलं. त्याने माफी कधी मागितली नाही. मी नसबंदी करून घ्या म्हटलं तर उठून गेला. पुरुषाच्या नसबंदीला टाकासुद्धा पडत नाही, त्याच दिवशी माणूस घरी येतो. शेवटी बाळंतपणानंतर बहिणीनेच तांबी बसवून घेतली. ती काळजात वगैरे चढली नाही. तांबीवर असलेल्या १०० बायकांत वर्षाला एकीलाही क्वचितच दिवस जातात, आणि सरकारी केंद्रात ती फुकट बसवतात.

म्हणून तुला विचारते: टेस्टमध्ये दोन रेघा आल्या तर तो काय म्हणेल? ‘शक्यच नाही’ म्हणणारा माणूस पुढे ‘मग कोणाचं?’ असं विचारू शकतो, हे मी समोर बसून ऐकलंय. किट घेऊन ये म्हणून त्यालाच पाठव. टेस्टच्या वेळी त्याला तिथे बसव. आला नाही तर मूल, लग्न, काहीही ठरवताना त्याचा सल्ला धरू नकोस.

आता हे सांगायला हवं. काहीच न वापरण्यापेक्षा बाहेर सोडणं पुष्कळ बरं. काही न करणाऱ्या १०० जोडप्यांत वर्षभरात ८५ ना दिवस जातात. आणि निरोधही लोक रोजच्या जगण्यात जसा वापरतात तसा धरला तर १०० त १३ वेळा फसतोच, पण रोगापासून वाचवणारा तोच एक, तांबी तेवढं करत नाही. पाळी ताणानेही लांबते. महिन्याभरात ती ७२ तासांची गोळी घेतली असशील तर तिच्यानेही मागेपुढे होते, म्हणजे कदाचित काहीच झालेलं नसेल. पण टेस्टमध्ये दोन रेघा आल्या आणि पोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली, रक्त जायला लागलं, तर सकाळची वाट बघू नकोस. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. १०८ ला फोन कर आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जा.