तापनाद फक्त ब्रेडलाच लावायचं का?

फ्रान्सहून भेट आलेली तापनादची, म्हणजे ऑलिव्हच्या खारट वाटणाची, बाटली उघडली, ब्रेडला जाड थर लावला आणि खारट म्हणून ठेवून दिली, असं तुम्ही लिहिलंय. दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयला शिकत असताना पहिल्यांदा माझंही हेच झालं होतं. तापनाद जॅमसारखं लावायचं नसतं, ठेच्यासारखं वापरायचं असतं.

नाव ऑलिव्हवरून आलेलं नाही. प्रोव्हान्सच्या, म्हणजे मार्सेयच्या आसपासच्या प्रदेशाच्या, बोलीत केपरला, म्हणजे उमलण्याआधी खुडून खारवलेल्या कळीला, 'तापेनो' म्हणतात. १८८० मध्ये मार्सेयच्या 'मेझों दोरे' या रेस्टॉरंटमधल्या मेनिए नावाच्या शेफने ते पहिल्यांदा केलं असं मानतात. त्याच्या कृतीत जेवढे ऑलिव्ह तेवढेच केपर्स होते, शिवाय अँचोव्ही आणि ट्यूना हे मासे. ऑलिव्ह, केपर, अँचोव्ही, तिन्ही मिठात मुरलेले. म्हणून ज्या पदार्थात तापनाद घालाल त्यात मीठ आधी घालूच नका, शेवटी चव घेऊन बघा.

अँचोव्ही हा मांदेलीच्या कुळातला मासा. घरी कुणी शाकाहारी असेल तर बाटलीवरचे घटक नक्की वाचा; बिनमाशांचंही मिळतं.

मला सर्वात आवडतं ते उकडलेल्या अंड्यांत. पिवळा बलक काढून चमचाभर तापनादबरोबर कुस्करायचा आणि परत पांढऱ्यात भरायचा. मेनिएही त्याचं मिश्रण अंड्यांत भरायचा म्हणतात. उकडलेला बटाटा किंवा फरसबी गरम असतानाच त्यावर तापनाद, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून कालवा, रात्रीचं जेवण होतं. पास्त्याला दोन माणसांत दोन चमचे पुरे, पास्ता शिजवलेलं थोडं पाणी घालून सैल करा. कोंबडी भाजायची असेल तर कातडीखाली बोटाने पसरा. माशावर मात्र तो शिजल्यावरच घाला, फार वेळ आचेवर राहिलं की कडवट होतं.

संपल्यावर घरी करावंसं वाटेल. पिझ्झावरच्या चकत्यांचे डब्यातले गुळगुळीत काळेभोर ऑलिव्ह कृपया घेऊ नका. ते बहुतेक हिरवेच तोडून, क्षार आणि हवेने काळे केलेले असतात, त्यांना चवच नसते. झाडावर पिकलेले, सुरकुतलेले, बी असलेले घ्या; प्रोव्हान्सच्या उत्तरेला न्यों गावचे ऑलिव्ह यासाठी फार नावाजलेले. बिया काढा आणि केपर्स, लसणाची अर्धी पाकळी घालून खलबत्त्यात कुटा, तेल शेवटी. मिक्सरमध्ये एकदम गुळगुळीत पेस्ट होते, खाताना तुकडे लागायला हवेत.

उघडलेल्या बाटलीत वर तेलाचा थर ठेवून ती फ्रीजमध्ये ठेवा. हे तेल थंडीत थिजून पांढुरकं दिसतं, बुरशी समजून फेकू नका. बाहेर दहा मिनिटं ठेवलं की पुन्हा वितळतं.